घरट्याचा नियम आणि कठड्याचा नियम

शास्त्रभाग : अनुवाद २२ : ६–८



मोशेच्या नियमशास्त्रांतील जो भाग आज आम्हीं मननासाठीं घेतला आहे, तो उपासनेच्या वेळीं क्वचितच वाचला जातो. त्यांत चमत्कार नाहीं कीं भविष्यवाद नाहीं. दोन लहान आज्ञा आहेत, आणि त्या एकमेकींस अगदीं लागून आहेत. पहिली अशी कीं, वाटेनें जातांना कोणास पक्ष्याचें घरटें आढळलें आणि त्यांत आई पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर त्यानें पिलांबरोबर आईसही धरूं नये. दुसरी अशी कीं, जो कोणी नवें घर बांधील त्यानें धाब्याला कठडा करावा. नाहीं तर वरून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. एवढेंच. हा भाग आम्हीं अनेकदां वाचला होता. परंतु घरटें आणि घर हीं एका श्वासांत कां सांगितलीं, हा विचार मेळघाटांतील नव्या घरांची गोष्ट पुढें आली तेव्हांच आमच्या मनांत प्रथम आला.

इतर जिल्ह्यांतील वाचकांसाठीं थोडें सांगितलें पाहिजे. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याचा जो डोंगराळ मुलूख आहे तो मेळघाट. चिखलदरा व धारणी हे त्याचे दोन तालुके. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या नद्या तेथील पाणी तापीकडे नेतात. रान सागाचें व बांबूचें, आणि रानांतील रहिवासी मुख्यत्वें कोरकू लोक. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं मिशनचे सेवक याच लोकांमध्यें सुवार्ता घेऊन गेले, म्हणून त्या डोंगराचें नांव आमच्या मंडळ्यांस परकें नाहीं. १ एप्रिल १९७३ रोजीं सरकारनें वाघाच्या रक्षणासाठीं व्याघ्र प्रकल्प सुरू केला. त्यांत प्रारंभीं जीं नऊ रानें निवडलीं, त्यांत मेळघाट होतें. पुढें १९८७ सालीं त्याच्याच एका भागास गुगामल राष्ट्रीय उद्यान असें नांव मिळालें. १९७२ च्या गणनेंत साऱ्या हिंदुस्थानांत वाघ अवघे १,८२७ भरले होते. २०२२ च्या अंदाजांत ते ३,६८२ झाले, आणि त्यांपैकीं ४४४ महाराष्ट्रांत. देवानें घडविलेला एक जीव नाहींसा होतां होतां राहिला, याबद्दल आम्ही त्याचे आभार मानतों, आणि ज्या वनरक्षकांनीं पावसांत व उन्हांत पायपीट केली त्यांचेही मानतों.

परंतु त्याच रानांत मनुष्येंही आहेत, आणि मनुष्याला घर लागतें.

कोरकूंचें जुनें घर आमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. बांबूचा कूड, त्यावर मातीचा गिलावा, वर कौलें. आणि घरांच्या दोन ओळी समोरासमोर, मध्यें रुंद वाट. घर स्वच्छ सारवलेलें असतें, पण पावसाळ्यांत कूड कुजतो, कौलांतून पाणी येतें, आणि दर दोनतीन वर्षांनीं पुन्हां बांबू व लांकूड आणावें लागतें. अशा घरांत तापानें फणफणलेलें मूल घेऊन बसलेली आई पक्कें घर मागते, तर तिला कोण दोष देईल? २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेखालीं घरकुलासाठीं सपाटीवर १ लाख २० हजार व डोंगराळ भागांत १ लाख ३० हजार रुपये मिळूं लागले. घर स्वयंपाकाच्या जागेसह निदान २५ चौरस मीटर असावें असें ठरलें. मग जागेचा प्रश्न आला, कारण कुटुंबें वाढलीं आणि गांवठाण तेवढेंच राहिलें. सप्टेंबर २०२० मध्यें महाराष्ट्राच्या राज्यपालांनीं अनुसूचित क्षेत्रांसाठीं वनहक्क कायद्यांत फेरफार करून वनवासी कुटुंबांस गांवालगतच्या वनजमिनीवर घरें बांधण्याची वाट मोकळी केली. हेतु असा कीं, जागा नाहीं म्हणून लोकांनीं मूळ गांव सोडूं नये. हा हेतु आम्हांस योग्य वाटतो.

येथेंच आमच्या शास्त्रभागाची पहिली आज्ञा उभी राहते. मेळघाटांत एक लहान घुबड आहे, त्याला रानपिंगळा म्हणतात. १८८४ नंतर तो कोणासही सांपडला नव्हता, आणि विद्वानांनीं तो जगांतून गेला असें जवळजवळ ठरविलें होतें. ११३ वर्षांनीं, १९९७ सालीं, तो खानदेशांत शहाद्याजवळच्या रानांत पुन्हां दिसला, आणि पुढें मेळघाटांतही आढळला. हा पक्षी घरटें बांधीत नाहीं. जुन्या झाडाच्या ढोलींत अंडीं घालतो. आतां पाहा, जुनें, पोकळ झालेलें झाड आमच्या दृष्टीनें निरुपयोगी. घरासाठीं जागा करतांना प्रथम कुऱ्हाड त्यावरच पडते, आणि तोडणाऱ्याच्या मनांत पापाचा लेशही नसतो. नियमशास्त्रानें पक्षी मुळींच घेऊं नये असें म्हटलें नाहीं, हें लक्षांत घ्या. पिलें घेण्याची मोकळीक दिली. आई राखण्यास सांगितलें. म्हणजे गरजेपुरतें घ्या, पण जेथून पुन्हां उत्पन्न होईल तें मूळ तोडूं नका. वनांतील ढोलीचें झाड, उन्हाळ्यांत न आटणारा नदीचा डोह, वाघ ज्या नाल्यानें एका डोंगरांतून दुसऱ्यांत जातो तो नाला, हीं सर्व आमच्या मतें त्या घरट्यांतील आईच्या ठिकाणीं आहेत. सिमेंटच्या घरानें लांकूड वांचतें हें खरें. परंतु त्याला वाळू लागते, आणि वाळू त्याच कोरड्या पात्रांतून येते जेथें चितळ व सांबर ज्येष्ठांत पाण्यास उतरतात. पक्क्या घराचा सर्वच हिशेब निर्मळ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं.

कोणी म्हणेल, मग सोपा उपाय आहे. माणसांस रानाबाहेर न्यावें. हा उपाय करून पाहिला गेला आहे, आणि त्याविषयीं आम्हांस जरा सविस्तर बोललें पाहिजे. बोरी, कोहा व कुंड हीं गांवें या शतकाच्या प्रारंभीं मेळघाटच्या गाभ्यांतून हलविलीं; त्यांच्यामागून आणखी गेलीं. २००८ पासून प्रत्येक कुटुंबास दहा लाख रुपये, किंवा रोख नको असल्यास जमीन व वसाहत, असें ठरलें. २०२१ मध्यें ती रक्कम पंधरा लाख झाली. हें वाचून आम्हांस नाबोथाची आठवण झाली (१ राजे २१). अहाब राजानें नाबोथाचा द्राक्षमळा लुबाडण्यास एकदम आरंभ केला नव्हता. प्रथम त्यानें दोन पर्याय दिले : याहून चांगला मळा घे, नाहीं तर मोल रोख घे. बाजाराच्या रीतीनें पाहिलें तर देणें उदार होतें. नाबोथानें नाहीं म्हटलें, कारण ती वडिलांची वतनभूमि होती. आणि राजाला “नाहीं” हा शब्द ऐकतां आला नाहीं, येथून पुढें रक्तपात झाला.

आम्ही सरकारास अहाब म्हणत नाहीं. अहाबाला आपल्या वाड्याजवळ भाजीपाल्याची बाग हवी होती; येथें मागणी वाघासाठीं आहे, आणि ज्या नद्यांचें पाणी खालच्या गांवांतील मनुष्येंही पितात त्यांच्यासाठीं आहे. शिवाय पुष्कळ कुटुंबें शाळा, दवाखाना व रस्ता यांच्या आशेनें संतोषानें बाहेर आलीं, हेंही सत्य आहे. कायदाही असेंच सांगतो कीं स्थलांतर स्वेच्छेनें व्हावें, आणि ग्रामसभेची संमति घ्यावी. परंतु २०१९ च्या जानेवारींत, अकोला जिल्ह्यांत सपाटीवर नेऊन वसविलेल्या गांवांतील लोक मुलाबाळांसह पुन्हां रानांत परतले, आणि वनखात्याच्या व पोलिसांच्या माणसांशीं त्यांची झटापट होऊन दोन्हीकडील लोक जखमी झाले. खालीं हाताला काम नाहीं, आणि आमचीं माणसें आजारानें मरतात, असें त्यांचें गाऱ्हाणें होतें. बंधूंनो, ज्याला दहा लाख मिळाले तो परत कां येतो, हा प्रश्न पैसे देणाऱ्यानें रागानें नव्हे, नम्रतेनें विचारावा. ज्यानें आयुष्यांत हजार रुपये एकत्र पाहिले नाहींत, त्याच्या हातीं एवढी रक्कम आली आणि ती कशी जपावी हें शिकविणारा कोणी जवळ नसला, तर कडेनें घिरट्या घालणारे दुसरेच कोणी येतात. मोह, डिंक, तेंदूपान हें तर पैशांत मोजतां आलेलेंच नव्हतें. तेव्हां जो जाऊं इच्छितो त्याला सन्मानानें जाऊं द्यावें, आणि जो नाबोथाप्रमाणें नाहीं म्हणतो त्याचें घरकुल अडवून त्याला थकवूं नये. गळक्या छपराखालीं वर्षानुवर्षें ठेवून मग घेतलेली संमति ही संमति नव्हे.

आतां कठडा. जो राहणार त्याच्या घराला कठडा हवा, आणि रानालगतच्या घराचा कठडा धाब्यावर नसतो. शहरांत वाघ चित्रांत पाहिला जातो. आपल्या विदर्भांतील खेड्यांत तसें नाहीं. मेळघाटाच्या पूर्वेस दूर चंद्रपूर जिल्ह्यांत, सिंदेवाही तालुक्यांत, १० मे २०२५ या एका दिवशीं तेंदूपान तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यांत मरण पावल्या. त्या घरांतील चूल त्या संध्याकाळीं कोणी पेटविली असेल? हें ज्याच्या मनास लागत नाहीं, त्यानें वन्यजीवांच्या रक्षणाविषयीं बोलूं नये असें आम्हांस वाटतें.

१०४ व्या स्तोत्राच्या कर्त्यानें रान एकच ठेवून वेळ मात्र वांटून दिली आहे : रात्र श्वापदांची, दिवस मनुष्याच्या कामाचा. मेळघाटांतील जुने लोकही ही वांटणी पाळीत आले. ती मोडते कोठें? घराला शौचकूप नसला म्हणजे बाई पहांटेच्या अंधारांत झुडपाआड जाते, आणि ती वेळ बिबट्याची असते. गोठा उघडा असला म्हणजे बिबट्या वासराच्या वासानें आंगणांत येतो. कुत्रीं मोकळीं असलीं तर तींही त्याला ओढून आणतात. घराभोंवतीं घाणेरीचें रान माजलें तर त्यांत लपण्यास जागा होते. मेलेलें ढोर गांवाच्या कडेला टाकलें तर बिबट्यास आपणच आमंत्रण दिल्यासारखें होतें. घरकुलाच्या कागदांत या गोष्टींस फारसें स्थान नाहीं; शौचकूपासाठीं बारा हजारांची वेगळी मदत असते, पण बंद गोठ्याचा विचार कोण करतो? गाय गेली कीं घरधनी सूडानें मढ्यावर विष घालतो, मग वाघ जातो, आणि मागून तुरुंगाचा फेरा येतो. हें सारें बंद गोठ्यानें आणि एका दारानें टळलें असतें.

आणखी एक गोष्ट. घरें एका ओळींत, समोरासमोर, जवळ जवळ बांधण्याची कोरकूंची जी रीत आहे, ती मोडून प्रत्येकानें आपापल्या शेतांत सुटें घर बांधावें असा कल आतां दिसतो. आम्हांस तो बरा वाटत नाहीं. ओळींतील घराला दोन बाजूंस शेजारी असतात; सुट्या घराला चारी बाजूंस रान असतें, आणि असें प्रत्येक घर श्वापदांच्या वाटेंत एक नवा खुंट ठोकतें. आपल्या वडिलांनीं गांव तसें कां बसविलें, हें त्यांनीं पुस्तकांत लिहून ठेवलें नाहीं इतकेंच.

उपदेशक बंधूंस आमची एक विनंति आहे. आपल्या मंडळींतील कोणाचें घरकुल मंजूर झालें, तर पाया आंखण्यापूर्वीं एका संध्याकाळीं त्याच्याबरोबर त्या जागेवर जा. नाला कोणत्या बाजूस आहे, माग कोठें उमटले आहेत, ढोलीचें झाड आहे काय, हें पाहा. झाड असेल तर घर दहा पावलें सरकवितां येतें काय तें ग्रामसभेंत बोला. वनरक्षकालाही बोलवा. तो आपला वैरी नाहीं, आणि पुष्कळ वेळां तोही कुडाच्याच घरांत राहतो. मग घरधनिणीला विचारा : पाणी कोठून आणतेस? गाय कोठें बांधतेस? रात्रीं मूल उठलें तर त्याला कोठें नेतेस? नकाशा काढणाऱ्यानें हे प्रश्न बहुधा विचारलेले नसतील. तिचीं उत्तरें ऐकून घ्या, आणि दार कोणत्या बाजूस ठेवावें तें त्यानंतर ठरवा.