दोन निशाणांखालचं जहाज

बसा. श्वास सावकाश आत घ्या. सावकाश सोडा.

समोर डिसेंबरातलं राखाडी पाणी आहे. १९४९ साल. इंग्लिश खाडी.

पाण्यावर एक जुनं लाकडी जहाज आहे. शिडं नाहीत. तोफा नाहीत. त्यावर दोन निशाणं फडकतायत. एक फ्रान्सचं, एक ब्रिटिश आरमाराचं.

दोन्हींकडे पाहा. घाई नको.

आता तळहात मनानेच त्या ओकच्या लाकडावर टेकवा. ते १८०० साली फ्रान्समधल्या रोशफोरला पाण्यात उतरलं. तोफा ७४. नाव दुगे-त्रुएँ.

श्वास घ्या.

२१ ऑक्टोबर १८०५, ब्रिटनविरुद्धची ट्रफाल्गरची आरमारी लढाई. हे जहाज त्या धुरातून निसटतं. चौदा दिवसांनी ओर्तेगाल भूशिरापाशी ब्रिटिश त्याला गाठतात, ताब्यात घेतात. कप्तान तूफे मारला जातो.

इथे थांबा. त्याच्यासाठी थोडा वेळ थांबा.

मग ब्रिटिशांकडे नाव बदलतं. इम्प्लॅकेबल. लाकूड तेच.

ज्यांच्याशी लढलं, त्यांच्याचकडे ते पुढची १४४ वर्षं राहतं. त्या वर्षांतल्या लढाया आपण जाऊ देऊ. मुलांचे आवाज ऐका. १८५५पासून इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टला, खलाशी व्हायला आलेली मुलं याच डेकवर शिकतायत. दोर ताणल्याची करकर. धावणारी पावलं.

ऐका.

म्हातारपणी त्याला शेजार मिळतो. मुंबईत जहाजं बांधणाऱ्या वाडियांच्या हाताखाली बांधलेलं, १८१७ सालचं सागवानी जहाज, ट्रिंकोमाली. ओक आणि सागवान, एकाच बंदरात. दोघांच्या मधलं पाणी ऐका. ते दोन्हीकडे सारखंच आपटतंय.

श्वास सोडा.

महायुद्ध संपलंय. डागडुजीला ब्रिटनकडे पैसा नाही. फ्रान्सही नको म्हणतं. म्हणून २ डिसेंबरला, बुडवण्यासाठी, जहाजाच्या पोटात सुरुंग उडतात.

जहाज लगेच बुडत नाही.

त्याच्याबरोबर राहा. नजर काढू नका. मला हे बुडवणं आजही सलतं; तुम्हालाही सलत असेल तर असू द्या.

मागच्या टोकाच्या कोरीव खिडक्या आधीच काढून ठेवल्यात. त्या आता ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत. कधी गेलात तर मान वर करा. प्रत्येक चौकटीपाशी एक श्वास थांबा.

लोकांना लागलेली हळहळ वाया गेली नाही. तिच्या बळावर पुढे जुनी जहाजं राखायची चळवळ उभी राहिली. शेजारचं ट्रिंकोमाली इंग्लंडमधल्या हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. त्याच्या डेकवर चढता येतं, सागवानाला हात लावता येतो.