रिपोर्ट नॉर्मल आहे

आमच्या टीममधला एक जण वर्षभर सांगत होता, की रात्री त्याच्या तळपायांची आग होते, अंगावरची चादर पायाला लागली तरी सहन होत नाही. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून पाय दुखणारच, असं आम्ही हसून म्हणायचो. त्याची एनसीव्ही, म्हणजे नसांमधून सिग्नल किती वेगाने जातो ते पाहणारी तपासणी, नॉर्मल आली. त्याने आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागितलं तेव्हा मी विचारलं, "अरे, पण रिपोर्ट तर नॉर्मल आहे ना?" तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मुकाट ऑफिसला आला.

नंतर कळलं, की एनसीव्ही जाड तंतूंचंच मोजमाप करते. वेदना आणि उष्णता वाहून नेणारे तंतू फार बारीक असतात. सर्वांत बारीक तंतूंत संदेशाचा वेग सेकंदाला जेमतेम १ मीटर. त्यांचा बिघाड त्या तपासणीत दिसतच नाही. त्यासाठी घोट्याच्या १० सेंटिमीटर वर त्वचेचा ३ मिलिमीटरचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजतात. त्याचे कमी भरले.

'एरर नाही' आणि 'एरर या लॉगमध्ये येतच नाही' यातला फरक मला रोज कामात कळतो. माणसाच्या बाबतीत कळला नाही.

पण मला टोचतं ते वेगळंच. बायोप्सीचा रिपोर्ट आल्यावर मी त्याला सॉरी म्हणालो. तोही नॉर्मल आला असता तर? त्रास असूनही तसं होऊ शकतं. मग मी सॉरी म्हणालो नसतो. म्हणजे माझा विश्वास त्याच्यावर नव्हताच, कागदावर होता.

आणि पुरावा मिळाला की माणुसकी आपोआप येते, असंही नाही. कुष्ठरोगात सुरुवातीला हेच बारीक तंतू निकामी होतात, हात भाजला तरी कळत नाही. तिथे चट्टे सगळ्यांना दिसत होते, आजाराबद्दल शंका नव्हती. तरी लोकांनी त्या माणसांना गावाबाहेर काढलं. बाबा आमट्यांना वरोऱ्याजवळ आनंदवन उभं करावं लागलं.

कुणी खोटंही बोलेल, हे खरं. पण दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. खोट्यावर विश्वास ठेवला तर माझे दोन दिवस फुकट जातात. खऱ्यावर ठेवला नाही, तर दुखणं सोसणारा माणूस त्यात एकटा पडतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत हेही नोंदवलं, की माणूस दुखतंय म्हणतो त्याचा मान राखावा. उपचाराला रिपोर्ट लागतो. ऐकून घ्यायला लागत नाही.

आता कुणी दुखतंय म्हणालं, की मी आधी 'कुठे?' असं विचारतो. 'रिपोर्ट काय आला?' हे नंतर.