सत्तेबाहेरचा आमदार

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर उत्तनची बस धरली की मुर्धा, राई, मोरवा अशी गावं लागत जातात. मिठागरं मागे पडतात आणि खिडकीतून सुक्या बोंबलाचा वास येऊ लागतो. बंदराजवळ बांबूच्या वलांड्या उभ्या असतात. त्यांच्या दोऱ्यांवर बोंबील जोडीजोडीने टांगलेले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवलेला. ना सुतळी, ना गाठ. नवरात्र संपता संपता मी तिथे गेलो तेव्हा एक मावशी टोपलीतून बोंबील उचलून भराभर जोड्या लावत होत्या. त्यांना विचारलं, "तुमच्या आमदारांनी गेल्या काही वर्षांत काय केलं?" हात न थांबवता त्या म्हणाल्या, "बंदराचा रस्ता झाला. हायमास्टचा दिवा लागला. हॉलवर पत्रे पडले." मग थोडं थांबून, "बोटीच्या डिझेलवरच्या कराचा परतावा मात्र रखडलाय."

या यादीत खोटं काही नसेल. रस्ता हवाच होता, दिवाही हवाच होता. पण तिच्यातलं एकही काम करायला विधानसभा लागत नाही. ती कामं महापालिकेची आहेत, आणि मीरा-भाईंदरला २००२ पासून महापालिका आहे. आमदाराला आपण निवडून देतो ते कायदा करायला, राज्याचा पैसा कुठे जातो ते तपासायला आणि मंत्र्याला जाब विचारायला. या तिन्ही गोष्टी मावशींच्या यादीत नव्हत्या. माझ्या ओळखीच्या कुणाच्याही यादीत त्या नसतात, आणि ही गोष्ट मला मनापासून सलते.

याच उत्तनच्या परिसरात, केशवसृष्टीच्या झाडीत, रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आहे. लोकप्रतिनिधींना त्यांच्या कामाचं प्रशिक्षण देणारी ही संस्था १९८२ साली सुरू झाली, म्हाळगी गेले त्याच वर्षी. संस्थेचं नाव पुष्कळांना ठाऊक आहे; ज्या माणसाचं नाव तिला दिलं, त्याची आमदारकी कशी होती हे फारच थोड्यांना.

रामचंद्र काशिनाथ म्हाळगी पुणे जिल्ह्यातल्या कडूसचे, जन्म १९२१चा. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते जनसंघाचे उमेदवार म्हणून मावळमधून द्विभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेत गेले. १९६२ नंतरची पाच वर्षं सभागृहाबाहेर काढून १९६७ आणि १९७२ला ते पुण्यातून पुन्हा निवडून आले. आणीबाणीत तुरुंगात गेले. १९७७ आणि १९८० साली ठाण्यातून लोकसभेवर गेले आणि मार्च १९८२ मध्ये, खासदार असतानाच, वारले. या तपशिलातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. विधानसभेतला त्यांचा सगळा काळ विरोधी बाकावर गेला. राज्यात काँग्रेसची सत्ता अढळ होती आणि जनसंघाचे आमदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मंत्रिपद मिळण्याची शक्यता शून्य होती. आमदारनिधी नावाची गोष्ट तेव्हा नव्हतीच, त्यामुळे रस्ता, दिवा, पत्रे यांचं श्रेय घ्यायलाही जागा नव्हती.

मग अशा आमदाराच्या हातात उरतं काय? प्रश्न उरतो. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना, अशासकीय ठराव. ही नावं बाहेरून ऐकताना रुक्ष वाटतात, पण एक तारांकित प्रश्न लागला की मंत्रालयात काय होतं ते पाहावं. विधानमंडळ सचिवालयातून तो संबंधित विभागाकडे जातो, तिथून कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर येतो. कक्ष अधिकारी जिल्ह्याकडून माहिती मागवतो, जिल्हा तालुक्याकडून. महिनोन्महिने कपाटात पडलेली फाइल उघडते, कारण मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं असतं आणि उपप्रश्न कुठून येईल याचा नेम नसतो. मंत्री "कार्यवाही करू" म्हणाला की ते वाक्य कार्यवृत्तात नोंदलं जातं आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. निधीतून एक रस्ता होतो. नेमका विचारलेला प्रश्न राज्यभरच्या रखडलेल्या परताव्याला हात घालू शकतो. म्हाळगींनी हे काम चिकाटीने केलं आणि त्याला आपली एक सवय जोडली. वर्षभरात आपण काय केलं याचा अहवाल ते मतदारांपुढे ठेवत. त्यांच्या पक्षाचं राजकारण कुणाला पटो न पटो, या सवयीपुढे मी हात जोडतो. मत देणारा हा मालक आहे आणि मालकाला हिशेब द्यायचा असतो, एवढी साधी समज तिच्यात आहे.

राज्याच्या सभागृहातला सत्तेबाहेरचा आमदार हा विषय मनात घोळत असताना दुसरं नाव आठवलं ते अगदी दूरचं. श्री ठाणेदार. बेळगावात वाढलेला हा मराठी माणूस १९७९ साली अमेरिकेत गेला, रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली, व्यवसायात कमावलं, गमावलं, पुन्हा कमावलं. २०१८ला मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत उतरून तिसरा आला. मग दोन पायऱ्या खाली उतरून २०२० साली डेट्रॉइटमधून राज्याच्या प्रतिनिधीगृहात निवडून गेला. तिथेही बहुमत रिपब्लिकनांचं, म्हणजे हाही विरोधी बाकावरच. दोन वर्षांची ती एक मुदत संपली आणि २०२३च्या जानेवारीत तो वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये गेला.

अमेरिकेत राज्याचं सभागृह ही बऱ्याचदा राजकारणाची शाळा असते. लिंकन इलिनॉयच्या सभागृहात चार मुदती होते. ओबामा त्याच राज्याच्या सिनेटमधून पुढे गेले. पण या शाळा एकसारख्या नाहीत. न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधीगृहात ४०० सभासद आहेत आणि त्यांचं मानधन १८८९ पासून वर्षाला १०० डॉलर आहे. शिक्षक, निवृत्त टपाल कर्मचारी, गृहिणी असे लोक तिथे बसतात, आणि सुमारे साडेतीन हजार माणसांमागे एक प्रतिनिधी पडतो. मिशिगनमध्ये काम पूर्णवेळ, पगार वर्षाला ७१,६८५ डॉलर, आणि एका प्रतिनिधीमागे सुमारे ९२ हजार लोक. आपल्याकडे २०११च्या जनगणनेचे ११ कोटी २४ लाख लोक २८८ आमदारांत वाटले तर एकाच्या वाट्याला ३ लाख ९० हजार येतात. एवढ्या माणसांना आमदार कुठून ओळखणार? म्हणून तो लग्नाला जातो, मयताला जातो, दहीहंडीला जातो आणि त्याच्या दारात सकाळी सातपासून रांग लागते. त्या रांगेला मी नावं ठेवणार नाही. ज्याचं काम कुठल्याच खिडकीवर होत नाही तो माणूस तिथे उभा असतो. पण सकाळ रांगेत आणि संध्याकाळ समारंभात गेली की विधेयकाचा मसुदा वाचायचा कधी?

तिकडची एक रीत मात्र मला हवीशी वाटते. न्यू हॅम्पशायरमध्ये प्रत्येक विधेयकावर समितीपुढे जाहीर सुनावणी होते. कुणीही नागरिक नाव नोंदवतो, समोर बसतो, दोन-तीन मिनिटं बोलतो. आपल्याकडे विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तर सूचना मागवतात खऱ्या, पण बहुतेक विधेयकं तिथवर जातच नाहीत. गोंधळात, पाच-दहा मिनिटांत मंजूर होतात. उत्तनच्या धावगी डोंगरावर शहराचा कचरा येऊन पडतो. तिथल्या धुराबद्दल, शेतात उतरणाऱ्या घाण पाण्याबद्दल इथल्या लोकांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली. घनकचऱ्याच्या कायद्याची कलमं ठरताना त्यांच्यातली एक बाई समितीपुढे बसून दोन मिनिटं बोलली असती तर, असा विचार मनात येतो आणि जात नाही.

आमदाराचं मत तरी त्याचं स्वतःचं उरलंय का, हाही प्रश्न आहेच. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने घोडेबाजार थांबायचा होता. तो किती थांबला ते महाराष्ट्राने अलीकडेच पाहिलं. एक मात्र नक्की झालं: पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर आमदारकीच धोक्यात येते, मग विधेयक कितीही वाईट असो. मिशिगनचा प्रतिनिधी स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत देऊन दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर बसतो. म्हाळगींच्या काळात आपला आमदारही बसू शकत होता. एकगठ्ठा फुटण्याला वाट ठेवणारा आणि एकट्याच्या सद्सद्विवेकाला शिक्षा करणारा हा कायदा बदलायलाच हवा. निदान विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्प सोडून बाकी ठिकाणी मत मोकळं असावं.

आमदाराच्या मुदतींवर मर्यादा घाला, असंही काही जण सुचवतात. मिशिगनने १९९२ साली घातली होती: प्रतिनिधीगृहात तीन मुदती, म्हणजे सहा वर्षं. शिकून तयार व्हावं तोवर माणूस घरी. अनुभव मग उरतो तो मध्यस्थांकडे आणि कायमच्या नोकरवर्गाकडे. २०२२ला तिथल्या मतदारांनी नियम बदलून दोन्ही सभागृहांत मिळून बारा वर्षं केली. आपल्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, शेतकरी कामगार पक्षासारख्या छोट्या पक्षातून, मंत्रिपदाचा थोडा काळ सोडला तर सगळी हयात विरोधात, एसटीने ये-जा करत. त्यांना सहा वर्षांत घरी बसवून दुष्काळी तालुक्याचं काय भलं झालं असतं? सांगोल्याचे लोक त्यांना ओळखून होते. दोनदा त्यांनी पाडलंही, आणि पुन्हा निवडलंही.

म्हणून मी फिरून म्हाळगींच्या अहवालापाशी येतो. प्रत्येक आमदाराने दर दिवाळीला चार पानं छापावीत. किती बैठकांना हजर होतो, कुठला प्रश्न विचारला, उत्तर काय आलं, कुठल्या विधेयकावर बोललो, कुठल्यावर गप्प बसलो आणि का. निधीचे वर्षाला पाच कोटी कुठे गेले ते शेवटच्या पानावर, कारण तो कामाचा लहान भाग आहे. फोटो नकोत.

हे मी त्या मावशींना जमेल तसं सांगितलं. त्यांनी शेवटची जोडी दोरीवर अडकवली, पदराला हात पुसले.

"अधिवेशन कधी असतंय?"

"आता डिसेंबरात. नागपूरला."

"म्हणजे दीड-दोन महिने हायत." त्या रिकामी टोपली उचलून निघाल्या, आणि दोन पावलांवर वळून म्हणाल्या, "परताव्याचे कागद घरात हायत माझ्या. झेरॉक्स काढून ठेवते."