दिघीची जेट्टी आणि गुन्हेगारीशास्त्राचे संशोधन

गुन्हेगारीशास्त्रातील पदव्युत्तर संशोधन न्यायालयाचा निकाल लागल्यावर खऱ्या अर्थाने सुरू होते. गुन्हा कोणी केला आणि कोणते कलम मोडले, हे न्यायालय ठरवते. तो त्याच जागी, इतक्या माणसांच्या देखत कसा पार पडला, हे शोधायचे असते संशोधकाला.

रायगड जिल्ह्यातील दिघीचे प्रकरण त्या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. राजपुरी खाडीच्या तोंडाशी, श्रीवर्धन तालुक्यातल्या या गावाच्या जेट्टीवर ९ जानेवारी १९९३ च्या रात्री चोरटा शस्त्रसाठा उतरला. तो घेऊन निघालेल्या गाड्या पोलिसांनी गोंडघर फाट्यावर अडवल्या आणि लाच ठरवून सोडल्या. सगळी रक्कम हाताशी नव्हती, म्हणून चांदीच्या विटा तारण राहिल्या. पुढच्या महिन्यात याच किनाऱ्यावरच्या शेखाडीला आरडीएक्स हे स्फोटक उतरले. १२ मार्चला मुंबईत साखळी स्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालील न्यायालयाने दोषी ठरवलेल्या शंभर जणांत पोलीस आणि सीमाशुल्क खात्याचे अधिकारीही होते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २१ मार्च २०१३ चा.

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अभ्यासकांनी १९७९ मध्ये मांडले, की गुन्ह्याला इच्छुक गुन्हेगार, सोयीचे लक्ष्य आणि राखणदाराची गैरहजेरी लागते. दिघीत हे सूत्र अपुरे पडते. राखणदार हजर होता, त्याने गाडी अडवलीही. त्याच्यात आणि तस्करात भाव ठरवण्याची रीत आधीच पडलेली होती, असे मानायला जागा आहे. सोन्याचांदीच्या तस्करीने या किनाऱ्यावर पोत्यात काय आहे हे न विचारण्याची सवय लावली असेल, तर गुन्हा सहवासातून शिकला जातो हे गुन्हेगारीशास्त्रज्ञ एडविन सदरलँडचे म्हणणे वर्दीतल्या माणसालाही लागू पडते. अर्थात हे गृहीतक आहे. ते तपासण्यासाठीच प्रबंध लिहायचा.

साधने मात्र निसरडी आहेत. टाडाच्या कलम १५ नुसार पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत असे. निकालपत्रातला बराचसा तपशील अशा जबाबांवर उभा आहे. संशोधकाने तो मुलाखतीसारखा वाचला तर तपास यंत्रणेने रचलेली कथाच त्याच्या हाती लागेल. गावातल्या मुलाखती आणखी अवघड. बोलणाऱ्याची संमती घेणे, नाव झाकणे हे नियम झालेच. पण छोट्या गावात नाव झाकले तरी माणूस ओळखू येतो. शिवाय मूठभरांच्या कृत्यासाठी किनाऱ्यावरच्या अख्ख्या वस्तीवर तस्करीचा शिक्का मारण्याचा धोका असतोच, आणि हा शिक्का धर्माच्या अंगाने मारला जाणे या प्रकरणात फार सोपे आहे.

२००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर सागरी पोलीस ठाणी आणि गस्ती नौका वाढवण्यावर भर आला. त्यातून राखणदारांची संख्या मोजता येते, त्यांचे वागणे नाही. फाट्यावर अडवलेल्या गाडीची नोंद कोण करतो, ती वरिष्ठांकडे किती वेळात पोहोचते आणि नोंद न झाल्यास कोणाला जाब द्यावा लागतो, हे ठाण्यांच्या नोंदवह्यांतून आणि बदल्यांच्या आदेशांतूनच काढावे लागेल.