दुसरी मोटारसायकल

घरात एक मोटारसायकल असताना दुसरी कशाला? आमच्या भाच्याने जुनी, दीडशे सीसीची गाडी विकत घेतली तेव्हा आम्हीही हेच विचारले. ही गाडी रस्त्यावर येणारच नव्हती. आरसे, हेडलाइट, इंडिकेटर काढलेले. तिच्यावरून बाजारात जाता येत नाही, कुणाला मागे बसवता येत नाही. टेम्पोत घालून ती चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर न्यायची, दिवसभर फिरवायची आणि परत आणायची. आपा, म्हणजे त्याची आई, काही बोलली नाही. आम्ही मात्र बोललो, "बेटा, हा इस्राफ आहे."

तो म्हणाला, "मामू, घाटातलं विसरलात?"

विसरलो नव्हतो. आदल्या वर्षी मित्रांबरोबर पहाटे घाटात वळण घेताना त्याची गाडी घसरली होती. त्याचा हात मोडला. समोरून सायकलवर येणारा दूधवाला केवळ नशिबाने वाचला. त्या माणसाचा आमच्या मुलाच्या हौसेशी काय संबंध होता?

उधळपट्टीचा हिशेब आपण पैशांत मांडतो. पण सार्वजनिक रस्त्यावर वेगाची मजा घेणारा दुसऱ्याचा जीव पणाला लावतो, तोही त्याला न विचारता. ही उधळपट्टी कोणत्या वहीत लिहायची? 1988च्या मोटार वाहन कायद्याने परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणे गुन्हा ठरवले आहे. कायदा नसता तरी ते चूकच ठरले असते.

ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात. वळणाबाहेर मोकळी जागा असते, झेंडे घेऊन माणसे उभी असतात, रुग्णवाहिका तयार असते. तिथे धोका संपत नाही. पण जो तो पत्करतो, तो जाणूनबुजून पत्करतो. कित्येक ट्रॅकवर इंजिनात कूलंटऐवजी साधे पाणी भरायला सांगतात, कारण सांडलेल्या कूलंटवरून मागचा घसरू शकतो. मागून येणाऱ्याची एवढी काळजी आपण रस्त्यावर कधी करतो?

मग रोजचीच गाडी तिथे का नेऊ नये? नेता येते, पुष्कळजण नेतातही. पण पडलो तर सोमवारी कामावर कसे जायचे? शर्यत आणि वेगाची चाचणी आपल्याकडच्या नेहमीच्या विम्यात बसत नाही. ट्रॅकचे टायर गरम झाल्याशिवाय नीट पकड घेत नाहीत. ते थंड रस्त्यावर घातक. दोन कामांसाठी दोन हत्यारे लागतात, हे सुताराला सांगावे लागत नाही.

म्हणून दुसरी गाडी सरसकट योग्य ठरते काय? तसेही नाही. वर्षातून एकदा जाणाऱ्याने भाड्याची घ्यावी. काही प्रशिक्षण शाळा गाडीही देतात. दोघातिघांनी मिळून एक ठेवता येते. बहिणीची फी थकवून, कर्ज काढून, मोहल्ल्यात मिरवण्यासाठी घेतली असेल तर आमचा पहिला शब्दच खरा. आमच्या भाच्याने कर्ज काढले नव्हते. दोन वर्षे साठवलेल्या पैशातून घेतली होती, हे आपाने आम्हांला नंतर सांगितले.

तरीही एक शंका उरतेच. ट्रॅकवर शिकलेला माणूस रस्त्यावर अधिक धीट झाला तर? तसे झाले तर सारा युक्तिवाद कोसळतो. म्हणून आम्हांला वाटते, दुसऱ्या गाडीची परीक्षा ट्रॅकवरच्या वेळेने होत नाही. ती पहिल्या गाडीवर होते.

परवा भाच्याच्या मागे बसून आम्ही स्टेशनपर्यंत गेलो. शाळा सुटली होती. त्याने गाडी हळू केली, मग थांबवली, आणि शेवटचे पोर रस्ता ओलांडेपर्यंत हॉर्नही वाजवला नाही. आमची गाडी चुकली. इस्राफचा शब्द आम्ही तिथेच, प्लॅटफॉर्मवर, परत घेतला. मात्र अशी परीक्षा एकदा देऊन संपत नाही, हेही त्याला सांगून ठेवले आहे.