बांध कुणाचा?

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ऋषींचे ठाऊक नाही. पण नदीच्या बाबतीत आम्हा सीमाभागातल्या माणसांना ही म्हण पाळता येत नाही. खानापूर तालुक्यात, चोर्ला घाटाच्या तोंडाशी, कणकुंबी नावाचे गाव आहे. मलप्रभा या गावात उगम पावते, पूर्वेची वाट धरते, तीनशे किलोमीटर चालून कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि कृष्णेच्या सोबतीने बंगालच्या उपसागराला जाते. त्याच शिवारातला कळसा नाला मात्र पश्चिमेकडे उतरतो, म्हादईत मिसळतो आणि गोव्यात मांडवी या नावाने पणजीपाशी अरबी समुद्रात शिरतो. मधल्या उंचवट्यावर हातभर अंतराने पडलेले पावसाचे दोन थेंब असे कायमचे दुरावतात. एकाच्या नशिबी शेकडो कोसांची पायपीट, दुसऱ्याला समुद्र पन्नास-साठ किलोमीटरांवर.

हे असे का, हा भूगोलाचा प्रश्न. हे असेच असावे का, हा नीतीचा. मी तत्त्वज्ञानाचा एम. ए.; पण भूगोलाचा तास रिकामा पडला की तो मुख्याध्यापकाने घ्यायचा असा शाळाशाळांतून अलिखित नियम असल्यामुळे हे दोन्ही प्रश्न माझ्या वाट्याला एकदमच आले. ते एकमेकांत किती सहज मिसळतात आणि मिसळले की केवढा घोटाळा होतो, याविषयी थोडे लिहावे म्हणतो.

आधी भूगोल. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून सुटले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि त्यानंतर फार काळ न जाता सेशेल्सचा तुकडाही पश्चिमेला तुटून गेला. म्हणजे आपला पश्चिम किनारा ही एक फाटलेली कड आहे. सह्याद्रीला आपण पर्वत म्हणतो, पण घाटमाथ्यावरून पूर्वेला पाहिले तर पर्वत उतरून गेल्यासारखे वाटतच नाही; पठार तसेच पुढे चालू राहते. सह्याद्री ही पठाराची उभी चिरलेली बाजू आहे. शिवाय मुळात जमीन फाटली ती याच जागी नव्हे. पावसाने आणि ओढ्यांनी झिजत झिजत हा कडा पूर्वेकडे मागे सरकत आला. तो किती सरकला, किती वेगाने सरकला, याबद्दल अभ्यासकांत अजून वाद आहेत. झिजलेल्या मातीचे ओझे उतरले की, सामान काढलेली होडी पाण्यात वर यावी तशी, खालची भूमी हळूहळू वर उचलली जाते. त्यामुळे कडेला उंची टिकून राहिली आणि पठार पूर्वेकडे कलते राहिले. महाबळेश्वरला अरबी समुद्रापासून जेमतेम ६४ किलोमीटरांवर जन्मलेली कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर चालून पूर्व समुद्र गाठते, ती या कलामुळे. (इंदूर-बडोद्याकडचे वाचक म्हणतील, आमची नर्मदा तर पश्चिमेला जाते. बरोबर, पण तिला भूमीतल्या भेगांनी खचवलेली दरी आयती मिळाली. तीही वाट भूगर्भानेच आखलेली.)

आता या कलाच्या उलट बाजूला काय चालते ते पाहा. पूर्वेच्या नद्यांचा उतार मंद, म्हणून त्या सावकाश वाहतात. पश्चिमेचे ओढे थोडक्या अंतरात शेकडो मीटर खाली कोसळतात, वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस अंगावर घेतात आणि आपल्या उगमाकडचा खडक मागे मागे कुरतडत जातात. असा कुरतडणारा ओढा पुरेसा मागे पोचला की पलीकडच्या मंद नदीचे वरचे पाणी आपल्या दरीत ओढून घेतो. भूगोलाच्या पुस्तकात याला ‘नदी-अपहरण’ म्हणतात. इंग्रजी पुस्तकांतला शब्द तर थेट चाचेगिरीचा आहे.

हा शब्द फळ्यावर लिहिला तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, नदीनं नदी चोरली तर पोलीस कुणाला धरणार?” वर्ग हसला. मागच्या बाकावरून उत्तर आले, “ज्याच्या शेतात पाणी गेलं त्याला!” मी दोघांनाही गप्प केले नाही. म्हादईचा सगळा तंटा त्या दोन वाक्यांत आला होता.

तो तंटा वाचकांना माहीत आहे. थोडक्यात आठवण देतो. कळसा आणि भांडुरा या नाल्यांचे पाणी वळवून मलप्रभेत सोडावे, म्हणजे हुबळी-धारवाडची तहान भागेल आणि सौंदत्तीजवळचे नविलुतीर्थाचे धरण भरेल, ही कर्नाटकाची योजना. गोव्याचा तिला विरोध. २०१० मध्ये लवाद नेमला गेला, ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा आला. त्यात गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले गेले. कर्नाटकाच्या हिश्श्यातले ३.९ टीएमसी मलप्रभेच्या खोऱ्यात वळवण्यासाठी होते. निवाड्याने कुणाचेच समाधान झाले नाही आणि तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली.

मला कुतूहल आहे ते आकड्यांचे नाही, युक्तिवादांचे. गोव्यातले माझे एक नातलग म्हणतात, “देवाने डोंगराचा उतार आमच्याकडे केला. पाणी आमचे, हे आम्ही नाही ठरवले, भूमीने ठरवले.” शाळेतले माझे एक कन्नड सहकारी नवलगुंदकडचे आहेत. ते म्हणतात, “पाऊस आमच्या भूमीवर पडतो. आमच्या भूमीवर पडलेले पाणी समुद्रात वाया जाते आणि आमची गावे टँकरची वाट पाहतात.” दोघेही सज्जन, दोघांचेही म्हणणे कळकळीचे. आणि दोघांनीही साक्षीदार एकच बोलावला आहे, भूमी. ती साक्ष मला दोघांच्याही बाजूने ग्राह्य वाटत नाही.

डेव्हिड ह्यूमने १७३९-४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक खोच दाखवून ठेवली आहे. लोक ‘असे आहे’ म्हणता म्हणता नकळत ‘असे असावे’वर येतात, आणि मधली उडी कशी मारली ते सांगत नाहीत. उतार पश्चिमेला आहे, हे खरे. म्हणून पाणी पश्चिमेला गेलेच पाहिजे, हे त्यातून निघत नाही. तसेच पाऊस अमुक हद्दीत पडतो, म्हणून तो त्या हद्दीचा, हेही निघत नाही. ज्या पठारावर तो पडतो त्या पठाराची कड स्वतःच सरकते आहे. भूगर्भाची आजची मांडणी हीच त्याची अखेरची इच्छा, असे धरायला आधार काय? मलप्रभेचेच पाहा. सौंदत्तीजवळ तिच्या वाटेत कठीण खडकाची टेकडी आडवी आहे. नदीने वळसा घालावा, हे आपल्या बुद्धीला ‘नैसर्गिक’ वाटते. मलप्रभा ती टेकडी कापून आरपार गेली आहे. त्याच चिंचोळ्या खिंडीत माणसाने धरण बांधले.

याहून बोलके उदाहरण कच्छचे आहे. सिंधूचा एक पूर्वेकडचा फाटा पूर्वी कच्छच्या लखपत भागात येत असे आणि त्यावर तिथे भात पिके. १७६२ च्या झाऱ्याच्या लढाईनंतर सिंधचा अंमलदार गुलामशहा कल्होडा याने वरच्या बाजूला बांध घालून ते पाणी अडवले. शेती बुडाली, मुलूख खारवला. पुढे १६ जून १८१९ ला तिथे प्रचंड भूकंप झाला. सिंदडीचा किल्ला आणि भोवतालची जमीन खचून समुद्राचे पाणी आत आले आणि त्याच्या उत्तरेला ऐंशी किलोमीटरांहून लांब असा एक उंचवटा जमिनीतून वर आला. काही ठिकाणी तो वीस फुटांच्या आसपास होता. नदीच्या जुन्या पात्रात हा आणखी एक बांध उभा राहिला. लोकांनी त्याला नाव दिले ‘अल्लाह बंद’. सिंधमधले बाकीचे बांध माणसांनी घातलेले. हा कुणी घातलेला नाही, एवढेच त्या नावात सांगायचे होते. १८२६ मध्ये सिंधूला मोठा पूर आला. त्या पुराने माणसांचे बांधही फोडले आणि अल्लाचाही.

पाण्यावाचून वाळणाऱ्या भाताच्या रोपाला दोन्ही बांध सारखेच. माणसांना मात्र ते सारखे वाटले नाहीत. गुलामशहाच्या बांधाबद्दल त्याला दोष देता येत होता, पाणी सोड म्हणून मागणी करता येत होती. अल्लाह बंदापुढे फक्त हात जोडता येत होते किंवा गाव सोडता येत होते. मला वाटते, त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या लोकांनी एक फार बारीक भेद नावातून अचूक पकडला होता. हानी मोजून अन्याय ठरत नाही. ‘असे का केलेस?’ असे ज्याला विचारता येते, तो असावा लागतो.

हा भेद थोरामोठ्यांच्या हातूनही निसटतो. १५ जानेवारी १९३४ ला बिहारचा भूकंप झाला. ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात त्यांच्याबरोबर असलेल्या रवींद्रनाथांनी त्यावर हरकत घेतली. भौतिक घटनेला भौतिकच कारण असते, असे त्यांचे म्हणणे. आणि गांधीजींनी ते उत्तरासह ‘हरिजन’मध्ये छापले. मी गांधीजींना मानणारा माणूस आहे, पण इथे माझे मत रवींद्रनाथांना. भूकंपात शिक्षा वाचणे आणि डोंगराच्या उतारात हक्क वाचणे, ही एकाच चुकीची दोन रूपे आहेत. दोन्हीकडे खडकाच्या तोंडी आपले शब्द घातले जातात. परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटवला ही कोकणाची कथा मला प्रिय आहे. पण ती सातबाऱ्याचा उतारा म्हणून कुणी दाखल करू नये.

आता कुणी म्हणेल, मग वळवू द्या की पाणी. निसर्गाची मांडणी पवित्र नाही असे तुम्हीच म्हणता. तसे मी म्हणत नाही. कोयनेचे पाणी खरे तर कृष्णेचे. ते बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरवून वीज केली जाते आणि मग ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जाते. मुळशीचे पाणीही टाटांच्या वीजगृहावाटे कोकणात जाते. तिकडे केरळातल्या पेरियारचे पश्चिमवाहिनी पाणी १८९५ पासून पूर्वेला तमिळ मुलखात वळवलेले आहे. म्हणजे नदी-अपहरण माणूस शंभरावर वर्षे करतो आहे, दोन्ही दिशांनी. त्यात वीज आली, शेती आली. मुळशीत तर पाण्याखाली जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१ पासून सेनापती बापटांचा सत्याग्रहही झाला. प्रत्येक ठिकाणी कोणी मिळवले आणि कोणी गमावले याचा हिशेब वेगळा आहे आणि तो माणसांतच करावा लागतो.

आणि कधी कधी माणसाचा बांध कुठे संपतो आणि अल्लाचा कुठे सुरू होतो, तेही सांगणे कठीण होते. कोयनेचे जलाशय भरू लागल्यानंतर त्या भागात धक्के वाढले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. धरणातल्या पाण्यामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचे जगातले ठळक उदाहरण म्हणून शास्त्रज्ञ कोयनेकडे पाहतात. ताण जमिनीत होताच, पाण्याने तो मोकळा केला. यात दोष किती आणि दैव किती? धरण बांधणाऱ्यांना हे आधी कळण्याची शक्यता फारशी नव्हती, म्हणून मी त्यांना अपराधी म्हणणार नाही. पण १९६७ नंतर धरण बांधणाऱ्याला ती सवलत उरली नाही. माहिती वाढली की ‘निसर्गाचा कोप’ या सदरातली एकेक नोंद आपल्या नावावर चढत जाते.

म्हणून म्हादईबद्दल माझे मत असे. गोव्याचा दावा खरा आहे, पण तो डोंगराच्या उतारामुळे नव्हे. त्या पाण्यावर शतकानुशतके जगणे उभे राहिले आहे, म्हणून. मांडवीच्या काठच्या खाजन जमिनी, तिथली मानशी, खारट पाण्याला मागे रेटणारे गोडे पाणी, त्यावरची मासळी. ‘समुद्रात वाया जाते’ म्हणणाऱ्याने हे एकदा पाहून यावे. नवलगुंद-नरगुंदच्या शेतकऱ्याचा दावाही खरा आहे, कारण तहान खरी आहे. पाऊस कुणाच्या हद्दीत पडला यामुळे नव्हे. दोन खऱ्या गरजा समोरासमोर आल्या की तोडगा अर्धा-अर्धा निघेलच असे नाही. पण एक गोष्ट मला नक्की वाटते. आहे ते पाणी ज्याला हलवायचे आहे, पुराव्याचा भार त्याच्यावर. भूगर्भ कुणाला जबाब देत नाही. कालवा खोदणारा देऊ शकतो, म्हणून त्याने तो दिला पाहिजे. आपल्याच खोऱ्यातले पाणी ऊस किती पितो, शहराच्या नळातून किती गळते, हेही त्या जबाबात यायला हवे.

या सगळ्यात कणकुंबीच्या माणसांना कुणी फारसे विचारत नाही. ती कर्नाटकात राहतात, घरात मराठी बोलतात, त्यांचे पाणी गोव्याला जाते आणि वळवले तर हुबळीला जाईल. वळवल्यानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्या विहिरींची पातळी कोण मोजणार आणि ती उतरली तर कुणाच्या दारात जायचे, एवढे तरी हुद्द्यासकट कागदावर यावे, असे मी मागे तालुक्यातल्या एका बैठकीत सुचवले. “सर, तुम्ही नेमके कुठल्या बाजूचे?” असे एकाने मराठीत विचारले. त्याच्या शेजारच्याने मग तेच कन्नडमध्ये विचारले.