पेशी मरते, माणूस नव्हे

पार्किन्सन्सच्या रुग्णाचा हात थरथरू लागतो, तोवर त्याच्या मेंदूतील डोपामिन बनवणाऱ्या कितीतरी पेशी मेलेल्या असतात. लेव्होडोपा हे १९६० च्या दशकापासूनचे औषध डोपामिनची उणीव भरून काढते. पेशींचे मरण थांबवीत नाही. ते थांबवील असे औषध शास्त्रज्ञ शोधत आहेत. अजून गवसलेले नाही.

मग तोवर आपण हात बांधून बसायचे? पेशी वाचली तरच माणूस वाचला असे मानले, तर आजच्या रुग्णाला देण्यासारखे आपल्याकडे काहीच उरत नाही. पोप जॉन पॉल दुसरे २००५ साली निवर्तले, तोवर वर्षानुवर्षे हा आजार सोसत राहिले. बोल अडखळले, मोल घटले नाही.

संशोधनाला आपण पाठिंबा देऊच. पण आज घरातल्या आजोबांच्या थरथरत्या हातातला पेला आधी धरू या.